ही पण तिथेच असते

मत्सर या विषयावर माझा अभ्यास आहे, त्यामुळे मला तो होत नाही. दंतवैद्याचे दात किडत नाहीत, तसंच हे. समोरच्या दारावर नवी पाटी लागली की त्या मजल्यावर कोण कुणाशी किती दिवस बोलत नाही, हे मी सहा वर्षं लोकांच्या जिन्यांत बसून टिपलंय. इतकं पाहिल्यावर माणूस शहाणा होतोच. म्हणून आधीच सांगून ठेवते, पुढे जे घडलं त्यात मत्सराचा काडीचाही संबंध नव्हता. धाकटीचं कौतुक मला होतंच. ते जरा जास्त होत होतं, एवढंच माझं म्हणणं होतं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, धाकट्या दिराची बायको. ती माझ्याच विभागात, माझ्या शेजारच्याच खोलीत काम करते. बाकीच्या बायकांना घरातून ऑफिसात गेलं की जावेपासून सुटका मिळते आणि ऑफिसातून घरी आलं की शत्रूंपासून. सहकाऱ्यांपासून, म्हणायचं होतं मला.

आमचा विभाग कायदा आणि समाज यांचा मानववंशशास्त्रीय अभ्यास करतो. हे ऐकलं की लोक आम्हाला वकील समजतात आणि भिंतीच्या वादाचे नकाशे घेऊन येतात. आम्ही वकील नाही. कायद्यात काय लिहिलंय ते वकील सांगतात. लोक प्रत्यक्षात त्या कायद्याचं काय करतात, हे आम्ही लोकांत जाऊन, बसून बघतो. बसणं हेच आमचं मुख्य काम. धाकटी न्यायालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसली. मी जिन्यात बसले. जिन्यात चपला कुणी कुठे काढायच्या, कठड्यावर कुणी काय वाळत घालायचं, जिन्याखालची जागा कुणाची, हे कुठल्याच कायद्यात नाही. तरी प्रत्येक जिन्याचा कायदा असतो आणि तो मोडला की शिक्षाही होते. यावर मी जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातलं चौथं प्रकरण तर माझ्या आयुष्याचं सार आहे: वस्तूवरून होणारं भांडण त्या वस्तूचं नसतं. हा ग्रंथ आमच्या घरी आहे. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून सासूबाई तो मध्ये लावतात.

धाकटीने ग्रंथ लिहिलाच नाही. तिने कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला गाठलं आणि पावाच्या कागदी पिशवीवर चित्रकथा छापून घेतली. बाकावर शेजारी बसलेले वादी-प्रतिवादी, एकमेकांच्या पिशव्या सांभाळणारे, आत जाऊन एकमेकांवर वाट्टेल ते आरोप करणारे आणि बाहेर येऊन पुन्हा एकाच पेनने सह्या करणारे. दर आठवड्याला नवी पिशवी. लोक गोष्टीसाठी पाव घ्यायला लागले. आमच्या सासूबाई तर सकाळ-संध्याकाळ घ्यायला लागल्या. घरात इतका पाव साठला की माझा नवरा एकदा कळवळून म्हणाला, "धाकटीला सांग, संशोधन जरा कमी कर. पोट बिघडलंय."

सासूबाई राहतात आमच्याकडे. दुखलं-खुपलं मी बघते. आणि पिशव्या मात्र इस्त्री करून कपाटात ठेवल्या जातात त्या धाकटीच्या! बरं, तेही चाललं असतं. पण एकदा आम्ही तिघी दंतवैद्याकडे गेलो. सासूबाईंची दाढ काढायची होती. दंतवैद्य मोठे हौशी, सगळ्यांची चौकशी करणारे. सासूबाईंनी तोंडातला कापूस बाजूला सारून ओळख करून दिली.

"ही माझी धाकटी सून. कोर्टात लोक कसे वागतात ते बघते, आणि पावाच्या पिशवीवर काढून सगळ्यांना सांगते."

"वा!" दंतवैद्य म्हणाले. "आणि या?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "ही थोरली. ही पण तिथेच असते."

मला काय हवं होतं ते मी त्या दिवशी ठरवलं. मोठं काही नाही. सासूबाईंनी एकदा, परक्या माणसासमोर, मी कोण ते एका वाक्यात सांगावं. बस्स.

मी विभागप्रमुखांना भेटले आणि म्हटलं, "सर, पिशवी ठीक आहे. पण पिशवी फाटते. आपण लोकांना थेट जिन्यातच बसवू."

योजना अशी होती. आमच्या विभागाच्या इमारतीच्या जिन्यातच नाटक करायचं. प्रेक्षक वरच्या पायऱ्यांवर बसणार, नाटक खालच्या वळणावर. माझ्या अभ्यासातलं एक खरं भांडण रंगवायचं आणि निकाल प्रेक्षकांनी हात वर करून द्यायचा. प्रमुख खूश झाले. धाकटी तर टाळ्या वाजवत म्हणाली, "ताई, काय सुंदर कल्पना आहे! मला का नाही सुचली?" मी तिला मोठ्या मनाने माफ केलं.

भांडण मी निवडलं ते दोन भावांचं. वडिलांनी जिन्याखाली ठेवलेली सायकल धाकट्याला दिली आणि थोरल्याने जिना डोक्यावर घेतला, असं ते प्रकरण. पण आमच्या धंद्यात एक नियम देवाच्या वचनासारखा पाळतात. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांची ओळख पुसून टाकायची. नाव, वय, धंदा, सगळं बदलायचं, म्हणजे त्या बिचाऱ्यांना त्रास होत नाही. मी मन लावून बदललं. भावांच्या केल्या जावा. वडिलांची केली सासू. सायकलीचं केलं शिलाई मशीन. आता त्या दोन भावांना त्यांच्या आईनेही ओळखलं नसतं.

धाकट्या जावेच्या पात्राला जिवंतपणा यावा म्हणून मी तिला काही लकबी दिल्या. हसताना तोंडावर हात नेते. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला "ताई" म्हणते. गोड बोलून सगळ्यांना खिशात घालते. शपथेवर सांगते, हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कुणीही नव्हतं.

नवऱ्याला वाचायला दिलं. त्याने वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"हे तूच लिहिलंस?"

"का? काही खटकलं?"

"नाही, नाही. चांगलंय." मग म्हणाला, "हे मशीनच ठेवायचंय का? कुकर वगैरे चालला नसता?"

"कुकरला वजन नाही," मी म्हटलं. "प्रेक्षकांना वस्तूचा भार जाणवला पाहिजे. उलट तूच एक खरं मशीन आण कुठूनतरी. जुनं, लोखंडी पायांचं."

"मी कुठून आणू?"

"ते तुझं तू बघ. सगळं मीच करायचं का?"

हे वाक्य मी उच्चारायला नको होतं.

प्रयोगाच्या दिवशी पायऱ्या गच्च भरल्या. वरच्या मजल्यावर प्रमुख, मध्ये विद्यार्थी आणि शेजारपाजारचे, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर, म्हणजे पहिल्या रांगेत, उशी घेऊन सासूबाई. त्यांच्या शेजारी मी मुद्दाम दंतवैद्यांना बसवलं होतं. परका माणूस हाताशी असलेला बरा. मी सुरुवातीचं भाषण केलं. चौथं प्रकरण सोपं करून सांगितलं. "वस्तूवरून होणारं भांडण वस्तूचं नसतं," मी म्हटलं, आणि दंतवैद्यांनी मान डोलावली. सासूबाईंनीही डोलावली. माझं मन भरून आलं.

दोन्ही जावांचं काम करणाऱ्या दोन विद्यार्थिनी मशीनबरोबर खालून येणार होत्या. मशीन यायला उशीर झाला. शेवटी खालून धापा ऐकू आल्या. माझा नवरा आणि धाकटा दीर, दोघे मिळून मशीन चढवत होते. दोघेही खालून रेटत. वळणापाशी आले आणि मशीन कठडा आणि भिंत यांच्यामध्ये रुतून बसलं. वर येईना, खाली जाईना.

"तिरकं कर," नवरा म्हणाला.

"तिरकंच आहे," दीर म्हणाला.

"मग सरळ कर!"

त्यांच्या मागे, एक पायरी खाली, माझ्या दोन्ही नट्या अडकल्या होत्या. एकीच्या हातात स्टूल, दुसरीच्या हातात मशीनचा खण. मधून मांजर गेलं नसतं. आणि तेवढ्यात माझं लक्ष त्या खणाकडे गेलं. मूठ तुटलेली आणि तिथे निळी दोरी बांधलेली. ती दोरी मी ओळखत होते.

मी नवऱ्याच्या कानाशी वाकले. "हे कुणाचं मशीन आहे?"

"आईचं," तो कुजबुजला. "म्हणजे आता धाकटीचं. तूच म्हणालीस जुनं आण. लगेच दिलं बिचारीने."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. सासूबाईंकडे एक मशीन होतं. त्यांनी ते मागे धाकटीला दिलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मला शिवता येत नाही, मशीन ठेवायला आमच्याकडे जागा नाही. नुसतं विचारायला हवं होतं, इतकंच. थोरलीला विचारायची पद्धत असते. असो. तो विषय माझ्या कधी मनातही येत नाही.

पहिल्या रांगेतून आवाज आला. "अगं, हे तर माझं मशीन!"

"आई, ते नाटकातलं आहे," मी म्हटलं.

"नाटकातलं कसं? मी त्यावर सगळ्यांचे कपडे शिवलेत."

लोक हसले. त्यांना वाटलं, सुरू झालं. आता थांबवणं शक्यच नव्हतं. नट्या मशीनच्या पलीकडे, प्रेक्षक अलीकडे. मी घामाघूम. तेवढ्यात धाकटी पायऱ्या उतरून माझ्यापाशी आली.

"ताई, काळजी नका करू. मी धाकटीचं काम करते. तुम्ही थोरलीचं करा. तुम्हाला तर सगळं पाठच आहे."

"अगं, नको, तू कशाला..."

"ताई, घरचंच काम आहे," ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसली. दंतवैद्यही हसले.

मग आम्ही उभ्या राहिलो. मध्ये अडकलेलं मशीन, एका बाजूला मी, एका बाजूला ती. मशीनच्या खाली, दोन्ही हातांनी ते तोलून धरलेले, आमचे दोघींचे नवरे. सोडलं असतं तर मशीन खाली नट्यांवर गेलं असतं. म्हणून ते संपूर्ण प्रयोगभर तसेच होते, लाल चेहऱ्याने, मुकाट. नंतर पुष्कळांनी मला सांगितलं की भांडणात पुरुषांची अवस्था इतकी नेमकी दाखवलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

मी सुरुवात केली. "हे मशीन हिलाच का? मी थोरली आहे. मला एका शब्दाने तरी विचारलं?"

हे संहितेतलंच होतं. पण आवाज जरा चढला. धाकटीने कागदावर पाहिलं. तिथे मी तिच्यासाठी लिहिलं होतं, 'कपटाने हसते.' तिला ते जमेना. ती आपली नेहमीसारखी हसली आणि म्हणाली, "ताई, तुम्हाला हवं असेल तर घेऊन जा ना."

जिन्यातून एकच 'अरे वा' उठलं. मी लिहिलेलं खलपात्र तिने पहिल्याच वाक्यात लाडकं करून टाकलं!

"मला नको आहे ते!" मी म्हटलं. हे संहितेत नव्हतं. "प्रश्न मशीनचा नाही. प्रश्न असा की हिने काहीही केलं तरी कौतुक. मी सहा वर्षं जिन्यात बसले. पाठ धरली माझी. कुणी पाहिलं? आणि हिने पावाची पिशवी काय रंगवली..."

वरून प्रमुखांचा आवाज आला. "मूळ भांडणात पाव होते का?"

"होते," मी म्हटलं.

"सायकलीवर?" माझा नवरा मशीनखालून अभावितपणे बोलून गेला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मशीन आणखी घट्ट धरलं.

एव्हाना जिना इतका शांत होता की सासूबाईंच्या कवळीचा आवाज आला. मी भानावर आले, घसा साफ केला आणि घाईघाईने जाहीर केलं, "आता प्रेक्षकांनी निकाल द्यावा. मशीन थोरलीला मिळावं असं वाटतं त्यांनी हात वर करावेत."

एकही हात वर आला नाही. नवऱ्याचे तर दोन्ही गुंतलेले होते.

दंतवैद्य उभे राहिले. "मला एक बोलायचंय. मघाशी तुम्ही फार चांगलं समजावलंत. वस्तूवरून होणारं भांडण वस्तूचं नसतं. मग हे भांडण मशीनचं नाहीच. या बाईला मशीन नकोच आहे, ती स्वतःच म्हणाली. तिच्या पोटात दुखतंय ते धाकटीचं सगळे कौतुक करतात म्हणून. जळते आहे ती. म्हणजे ते पात्र."

"बरोबर!" वरून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. मागच्या पायरीवरची एक बाई शेजारणीला म्हणत होती, "अगदी माझी नणंद गं!" जिन्यात जो तो आपापल्या घरातल्या मशीनबद्दल बोलायला लागला. माझं चौथं प्रकरण ग्रंथालयात सातजणांनी वाचलं होतं. त्या दिवशी ते जिन्यातल्या प्रत्येकाला कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एकमताने निकाल लागला. मशीन धाकटीकडेच राहावं, आणि सासूने थोरलीशी दोन शब्द प्रेमाने बोलावेत.

हे ऐकून सासूबाई खरोखरच उठल्या. उशी काखेत मारून माझ्यासमोर आल्या. "अगं, तुला शिवता येतं का?"

"नाही, आई."

"मग मला कसं कळणार तुला हवं होतं ते? बोलायचंस की. घरात राहून जिन्यात कशाला सांगायचं?"

मशीनखालून दिराचा क्षीण आवाज आला, "निकाल लागला असेल तर हे सोडवायचं बघा कुणीतरी."

प्रमुख म्हणाले, विभागाच्या इतिहासात संशोधन इतकं पोचलेलं त्यांनी पाहिलं नाही. सगळे माझं अभिनंदन करत होते आणि प्रत्येकजण जरा कीव केल्यासारखा माझा हात दाबत होता. सगळ्यांत शेवटी धाकटी आली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मला वाटलं आता ही मला मिठी मारणार, आणि मिठी मारली तर मी कायमची हरले.

"ताई," ती म्हणाली, "मला हे सगळं पिशवीवर काढायचंय. तुमची परवानगी असेल तरच. तुमची ओळख पूर्ण पुसून टाकेन."

सहा वर्षं मी लोकांच्या दारात उभी राहून हेच वाक्य म्हणत आले. कुणीही मला नाही म्हटलं नव्हतं.

"अजिबात ओळखू येता कामा नये," मी म्हटलं.

"माणूसच नाही ठेवत. जनावर करते."

"कर," मी म्हटलं. जनावराला कोण ओळखणार?

पुढच्या आठवड्यात पिशवी आली. एका गोठ्यात दोन शेळ्या. धाकटी शेळी दिसायला साधी. थोरल्या शेळीची एक भुवई जावेने कायम वर चढवलेली काढली होती. पहिल्याच चित्रात ती शेळी सगळ्या गोठ्याला सांगत होती, "मला मत्सर होत नाही." बेकरीसमोर रांग लागली. आमच्या घरी पुन्हा पाव साठला. नवरा पिशवीकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा आणि पटकन खिडकीकडे तोंड फिरवायचा.

महिन्याभराने सासूबाईंची कवळी घट्ट करायला आम्ही तिघी पुन्हा दवाखान्यात गेलो. दंतवैद्य आत होते. बाहेर बाकावर एक अनोळखी बाई बसली होती. तिच्या मांडीवर पावाची पिशवी होती आणि ती एकटीच हसत होती. सासूबाईंना राहवेना.

"ही माझी धाकटी सून," त्या म्हणाल्या. "ही पिशवी हीच काढते."

"अगंबाई, खरंच?" ती बाई म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं. "आणि या?"

सासूबाईंना या वेळी विचारच करावा लागला नाही.

"ही माझी थोरली. यातली शेळी ती हीच."

त्या बाईने पिशवी बघितली, मग मला बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला. "अहो, आमच्या घरी सगळ्यांना तुम्हीच आवडता! धाकटी शेळी आपली ठीक आहे."

धाकटी हसली. पण हात तोंडावर न्यायचा विसरली. त्या हसण्याला काय म्हणतात ते मला नेमकं माहीत आहे. माझा अभ्यास आहे.

"पुढे काय होतं हो तुमचं?" त्या बाईने मला विचारलं. "गोठा सोडून जाता की काय?"

मी धाकटीकडे बघितलं. ती भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होती.

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं, आणि घरी जाताना मुकाट्याने बेकरीच्या रांगेत उभी राहिले.